प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांतील गंभीर बुरशीसंसर्ग आणि त्यावरची औषधे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केमोथेरपी, किडनी प्रत्यारोपण, एचआयव्ही, हाताबाहेर गेलेला मधुमेह किंवा लांबलेले स्टेरॉइड यांमुळे शरीर कमकुवत झाले, की एरवी निरुपद्रवी असलेली बुरशी जिवावर उठते. मग बीड, हिंगोली, धाराशिव, जालन्याकडून रुग्ण संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, नांदेडला, लातूरला किंवा अंबाजोगाईला हलवला जातो. तिथले निवासी डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते आणि चिठ्ठी घेऊन मेडिकलवर धावणारे नातेवाईक पुन्हा पुन्हा विचारतात असे हे प्रश्न आहेत. वेगळे म्हटले नसेल तिथे डोस प्रौढ रुग्णाचे आहेत आणि हिशेबासाठी वजन ६० किलो धरले आहे. औषध कोणते आणि किती, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

यातले सगळ्यात भारी औषध कोणते?

तसे एकही नाही. औषध बुरशीच्या जातीवर चालते, किमतीवर नाही. व्होरिकोनॅझोल अस्परजिलस या बुरशीवर उत्तम, पण म्युकरवर, म्हणजे काळ्या बुरशीवर, त्याचा काडीचा उपयोग नाही. कॅस्पोफंगिन रक्तातल्या कॅन्डिडा या बुरशीवर पहिल्या पसंतीचे, पण क्रिप्टोकॉकस बुरशीच्या मेंदूज्वरात निरुपयोगी. अँफोटेरिसिनचा पल्ला सर्वांत मोठा, तरी अस्परजिलस टेरियस त्याला दाद देत नाही. फ्लुकोनॅझोल स्वस्त आणि सुटसुटीत आहे, मात्र बुरशीच्या धाग्यांवर, म्हणजे अस्परजिलस आणि म्युकरवर, ते चालतच नाही.

म्हणून ‘डॉक्टर, भारीतले लिहा’ असे म्हणण्यापेक्षा ‘बुरशी कोणती निघाली?’ हे विचारा. उपचाराची दिशा त्या उत्तराने ठरते.

बुरशी कोणती हे लवकर कसे कळते?

पहिली तपासणी केओएच. नमुना पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि उत्तर त्याच दिवशी मिळते. रुंद, फितीसारखे, आडवे पडदे जवळजवळ नसलेले आणि काटकोनाच्या आसपास फाटे फुटणारे धागे दिसले तर म्युकर. बारीक, पडदे असलेले आणि अरुंद कोनात फाटणारे धागे असतील तर बहुधा अस्परजिलस. एवढ्या फरकावर औषध बदलते, म्हणून कल्चरची (प्रयोगशाळेत बुरशी वाढवून बघण्याची) वाट बघत बसू नये.

खरा घोळ नमुना पाठवताना होतो. शस्त्रक्रियेत काढलेला सगळा तुकडा सवयीने फॉर्मॅलिनमध्ये टाकला जातो. फॉर्मॅलिनमध्ये बुरशी मरते, मग कल्चर कधीच वाढत नाही. दोन डब्या न्या: एकीत फॉर्मॅलिन, ती पॅथॉलॉजीला, दुसरीत थोडे निर्जंतुक नॉर्मल सलाईन, ती मायक्रोबायोलॉजीला. दुसरीच्या चिठ्ठीवर ‘म्युकरची शंका’ असे ठळक लिहा, कारण म्युकरचे धागे नाजूक असतात. प्रयोगशाळेने तुकडा वाटला-घोटला की ते मरतात. तो बारीक कापून लावावा लागतो.

गॅलॅक्टोमॅनन तपासणी अस्परजिलससाठी आहे. बीटा-डी-ग्लुकन बऱ्याच बुरशींत वाढते, मात्र म्युकरमध्ये वाढत नाही. या दोन्ही तपासण्या नॉर्मल आल्या म्हणून म्युकर नाही, असा अर्थ काढणे धोक्याचे आहे.

साधे अँफोटेरिसिन आणि लायपोसोमल यांत फरक काय? दोन्हीच्या व्हायलवर (औषधाच्या छोट्या बाटलीवर) ५० मिलिग्रॅमच लिहिलेले असते.

हा प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण इथली चूक जीव घेते.

दोन्हींत औषध एकच. ते बुरशीच्या पेशीभोवतीच्या पापुद्र्यातील अर्गोस्टेरॉलला चिकटते, पापुद्रा गळका होतो आणि बुरशी मरते. साध्या प्रकारात, म्हणजे अँफोटेरिसिन बी डीऑक्सिकोलेटमध्ये, हे औषध किडनीवरही आघात करते. लायपोसोमलमध्ये ते चरबीच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत बसवलेले असते. त्यामुळे किडनीला इजा कमी होते आणि डोस कितीतरी जास्त देता येतो.

साध्याचा डोस किलोमागे रोज ०.७ ते १ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या रुग्णाला ४२ ते ६० मिलिग्रॅम, साधारण एक व्हायल. लायपोसोमलचा डोस किलोमागे ३ ते ५ मिलिग्रॅम. ५ धरला तर ३०० मिलिग्रॅम, म्हणजे रोज ६ व्हायल. आता समजा, लायपोसोमलचा हिशेब करून साध्याच्या ६ व्हायल चढवल्या. साधे औषध किलोमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर गेले की हृदय आणि श्वास बंद पडू शकतो. इथे तर ५ झाले.

तेव्हा चिठ्ठीवर नुसते ‘अँफो’ लिहू नये. पूर्ण नाव, प्रकार, किलोमागे डोस आणि एकूण मिलिग्रॅम लिहावे. मेडिकलवाल्याने एकाऐवजी दुसरे दिले तर नातेवाईकांनी ते परस्पर स्वीकारू नये. आणि वॉर्डात दुसऱ्या व्यक्तीने डबा वाचल्याशिवाय व्हायल फोडू नये.

हे इंजेक्शन तयार कसे करायचे? बाटलीत साका का धरतो?

साका धरला म्हणजे बहुतेक वेळा ते नॉर्मल सलाईनमध्ये मिसळले गेले. दोन्ही प्रकारचे अँफोटेरिसिन फक्त ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये चालते. मिठाच्या पाण्यात ते फुटते. नातेवाइकांना ‘सलाईनची बाटली आणा’ असे सांगितले तर नॉर्मल सलाईनच हातात येण्याची शक्यता मोठी, म्हणून ‘डेक्स्ट्रोज ५ टक्के’ असे लिहून द्या.

साधे: व्हायलमध्ये १० मिलि इंजेक्शनचे निर्जंतुक पाणी घालून हलवा, मग ५० मिलिग्रॅम ५०० मिलि डेक्स्ट्रोजमध्ये टाका. ४ ते ६ तासांत सोडा. बऱ्याच ठिकाणी आधी १ मिलिग्रॅमचा चाचणी डोस देऊन रुग्णाकडे लक्ष ठेवतात.

लायपोसोमल: व्हायलमध्ये १२ मिलि निर्जंतुक पाणी, लगेच ३० सेकंद जोरात हलवा. एका मिलिमध्ये ४ मिलिग्रॅम होते, म्हणजे ३०० मिलिग्रॅमसाठी ७५ मिलि ओढायचे. सोबत मिळणाऱ्या ५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून ते डेक्स्ट्रोजमध्ये सोडा. सगळे मिळून १५० ते ३०० मिलि झाले की एका मिलित १ ते २ मिलिग्रॅम बसते. साधारण २ तासांत द्या. कंपन्यांनुसार थोडा फरक असतो, तेव्हा डब्यातला कागद वाचून मगच पाणी घाला.

किडनी जपण्यासाठी औषधाआधी अर्धा ते एक लिटर नॉर्मल सलाईन देतात, अर्थात हृदय अशक्त नसेल तर. गंमत अशी की याच नळीतून नंतर अँफोटेरिसिन जाणार असते. मध्ये नळी डेक्स्ट्रोजने धुतली नाही तर नळीतच साका धरतो.

साध्या प्रकारात थंडी वाजून हुडहुडी भरणे, ताप, उलटी हे नेहमीचे. अर्धा तास आधी पॅरासिटामॉल आणि फेनिरामिन देतात. हुडहुडी फारच भरली तर पेथिडिन. लायपोसोमलमध्ये पहिल्या काही मिनिटांत छाती दाटणे, धाप लागणे किंवा कमरेत कळ येणे असे काहींना होते. बाटली थांबवा, अँटिहिस्टामिन द्या, बरे वाटल्यावर सावकाश सुरू करा.

उन्हाळ्यात औषध संभाजीनगरहून गावाकडच्या दवाखान्यात न्यायचे असेल तर?

लेबलवर २ ते ८ अंश लिहिले असेल तर थंड डब्यातूनच न्या. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि बंद गाडीत त्याहून तापते. मात्र व्हायल बर्फाला थेट टेकू देऊ नका, मध्ये जाड कापड किंवा पुठ्ठा हवा. लायपोसोमल गोठले की त्या सूक्ष्म गोळ्या फुटतात. गोठलेली व्हायल टाकून द्यावी, वितळवून वापरू नये.

किडनी आणि पोटॅशियमचे काय?

क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम सुरुवातीला रोज किंवा दिवसाआड तपासा, लायपोसोमल असले तरी. अँफोटेरिसिनमुळे पोटॅशियम लघवीवाटे वाहून जाते. ते भरत राहूनही वर येत नसेल तर मॅग्नेशियम बघा. ते कमी असेपर्यंत पोटॅशियम टिकत नाही. नातेवाईक मायेने नारळपाणी पाजतात, पण त्याने ही तूट भरून निघत नाही. उलट किडनी बंद पडत आली असेल तर तेच अंगाशी येते, म्हणून विचारून द्या. जेंटामायसिन, अमिकासिन, वेदनाशामक गोळ्या ही किडनीवर ताण आणणारी औषधे शक्य तिथे थांबवावीत.

काळ्या बुरशीवर कोणते औषध?

म्युकरमायकोसिस मराठवाड्याला नवा नाही, पण २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर तो घराघरांत माहीत झाला. त्या मे महिन्यात केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितले. तेव्हा वाढलेली शुगर आणि अवाजवी स्टेरॉइड ही जोडी बहुतेक रुग्णांत होती. आजही तीच असते.

पहिले औषध लायपोसोमल अँफोटेरिसिन, पहिल्या दिवसापासून किलोमागे ५ मिलिग्रॅम. हळूहळू वाढवत नेण्यात वेळ जातो आणि म्युकर रक्तवाहिन्यांत शिरून मांस मारत पुढे सरकतो. मेंदूपर्यंत गेले असेल तर किलोमागे १० पर्यंत नेतात. लायपोसोमल मिळेना म्हणून हातावर हात ठेवून बसू नये. किडनी सांभाळत साधे सुरू करावे. किडनी अजिबात साथ देत नसेल तर इसाव्हुकोनॅझोल किंवा पोसाकोनॅझोल.

एवढे मात्र पक्के लक्षात ठेवा: मेलेल्या मांसात रक्त जात नाही, म्हणून औषधही जात नाही. ते शस्त्रक्रियेने काढावेच लागते, कधी दोन-तीनदा. शुगर आणि कीटोन आटोक्यात आणणे हे तिसरे काम. यातले एक जरी राहिले तर सहा व्हायल रोज देऊनही आजार पुढे जातो.

गालाच्या एका बाजूला सूज किंवा बधिरपणा, नाकातून काळपट स्राव, दोन-दोन दिसणे, दात हलणे, टाळूवर काळा डाग: मधुमेही माणसाला यांतले काहीही झाले तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. डोळा वाचेल की नाही, हे दिवसांवर ठरते.

फुफ्फुसातल्या अस्परजिलससाठी व्होरिकोनॅझोल, पोसाकोनॅझोल की इसाव्हुकोनॅझोल?

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या तुलनेत १२ आठवड्यांनी व्होरिकोनॅझोलवरचे ७०.८ टक्के रुग्ण जिवंत होते, साध्या अँफोटेरिसिनवरचे ५७.९ टक्के. तेव्हापासून व्होरिकोनॅझोल पहिले झाले. पुढे इसाव्हुकोनॅझोल आणि पोसाकोनॅझोल त्याच्या तोडीचे ठरले, त्रासही कमी. तरी आपल्याकडे किंमत आणि उपलब्धता पाहता बहुतेकदा व्होरिकोनॅझोलनेच सुरुवात होते, आणि ते योग्यच आहे, फक्त म्युकर नाही याची खात्री हवी. दोन्हींची शंका असेल तर निदान होईपर्यंत लायपोसोमल अँफोटेरिसिन द्यावे.

व्होरिकोनॅझोल पहिल्या दिवशी किलोमागे ६ मिलिग्रॅम, १२ तासांच्या अंतराने दोनदा. मग किलोमागे ४ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. गोळी २०० मिलिग्रॅम दोनदा, जेवणाआधी किंवा नंतर एक तास. पोटभर जेवणासोबत घेतली तर ती कमी भिनते. लहान मुलांचे शरीर हे औषध झपाट्याने संपवते, त्यांना किलोमागे डोस मोठा लागतो.

एकाच डोसवर रक्तातली पातळी माणसागणिक फार बदलते, कारण यकृतातील ते मोडणारे एन्झाइम प्रत्येकात सारखे नसते. म्हणून पाचव्या दिवसाच्या सुमारास, पुढचा डोस देण्याच्या अगदी आधी रक्त घेऊन पातळी बघावी. १ ते ५.५ मायक्रोग्रॅम प्रति मिलि हवी. १ च्या खाली आजार हटत नाही, ५.५ च्या वर भ्रम आणि बडबड सुरू होते.

इसाव्हुकोनॅझोल २०० मिलिग्रॅम दर ८ तासांनी सहा वेळा, मग रोज एकदा. बाकीची अझोल, म्हणजे नावात ‘-कोनॅझोल’ असलेली औषधे, ईसीजीतले क्यूटी अंतर (हृदयाच्या एका ठोक्याचा विद्युत काळ) लांबवतात, हे औषध ते आखूड करते. क्यूटी आधीच लांबलेल्या रुग्णात ही जमेची बाजू.

व्होरिकोनॅझोल सुरू आहे. डोळ्यांपुढे रंग चमकतात, चेहरा भाजल्यासारखा लाल झाला. बंद करू का?

परस्पर बंद करू नका. गोळीनंतर अर्ध्या तासात रंग किंवा उजेड वेगळा दिसणे नेहमीचे आहे. ते थोड्या वेळात जाते. तेवढा वेळ गाडी चालवू नये. जे नाही ते दिसू लागले, कुणी बोलतेय असे ऐकू आले, तर पातळी तपासा.

उन्हाचा त्रास मात्र आपल्या भागात गंभीरपणे घ्यावा. या औषधाने कातडी उन्हाला नाजूक होते. शेतात दुपारी काम करणाऱ्याने महिनोन् महिने ते घेतले, तर कातडी सोलवटते, काळवंडते आणि दीर्घकाळात त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. सकाळी लवकर कामे उरका, पूर्ण बाह्या आणि उपरणे किंवा पदर चेहऱ्यावर घ्या. लांबच्या उपचारात हाडे दुखू लागली तर तेही सांगा. औषधातल्या फ्लोराइडमुळे हाडांवर सूज येते.

पोसाकोनॅझोलची गोळी मिळाली नाही, पातळ औषध तेवढ्याच मिलिग्रॅमचे घेतले तर चालेल का?

नाही. गोळी पहिल्या दिवशी ३०० मिलिग्रॅम दोनदा, मग रोज ३०० एकदा. पातळ औषध दिवसातून तीन-चारदा घ्यावे लागते, तेही तुपा-तेलाच्या जेवणासोबत, आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांनी त्याची पातळी कोसळते. उलट्या होणाऱ्या, जेवण न जाणाऱ्या केमोथेरपीच्या रुग्णात ते अंगी लागत नाही. गोळी चावू किंवा कुटू नये, नळीवाटे देण्यासाठीसुद्धा.

रक्तात कॅन्डिडा निघाला. फ्लुकोनॅझोल पुरेल?

गंभीर रुग्णात सुरुवात एकायनोकँडिनने करावी: कॅस्पोफंगिन पहिल्या दिवशी ७०, मग ५० मिलिग्रॅम, किंवा मायकाफंगिन रोज १००. ही औषधे बुरशीच्या भिंतीतले ग्लुकन बनू देत नाहीत. माणसाच्या पेशीला भिंतच नसते, म्हणून त्रास कमी. पण ती डोळ्यात, मेंदूत आणि लघवीत पोचत नाहीत. लघवीतल्या कॅन्डिडासाठी कॅस्पोफंगिन लावणे म्हणजे पैसे पाण्यात.

मिसळण्याचा नियम इथे अँफोटेरिसिनच्या नेमका उलटा: कॅस्पोफंगिन नॉर्मल सलाईनमध्येच, डेक्स्ट्रोजमध्ये कधीही नाही. एकाच वॉर्डात दोन्ही औषधे चालू असतील तर ट्रेवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

रुग्ण स्थिर आणि बुरशी फ्लुकोनॅझोलला दाद देणारी असेल तर ते ८०० मिलिग्रॅमने सुरू करून रोज ४०० द्या. ते तोंडाने ९० टक्क्यांहून जास्त भिनते. गिळता येत असेल तर बाटलीची गरज नाही. कॅन्डिडा क्रुसेइवर ते चालत नाही, कॅन्डिडा ऑरिसवर बहुधा नाहीच. ऑरिस निघाला तर रुग्ण वेगळा ठेवा आणि खाट, टेबल, यंत्रे क्लोरीनच्या द्रावणाने पुसा.

मानेतली किंवा मांडीतली सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) शक्य तितक्या लवकर काढा, डोळ्याचा पडदा तपासून घ्या. आणि उपचाराचे १४ दिवस मोजायचे ते पहिल्या स्वच्छ कल्चरपासून, औषधाच्या पहिल्या दिवसापासून नव्हे.

एचआयव्हीच्या रुग्णाला क्रिप्टोकॉकसचा मेंदूज्वर झाला. रोज इंजेक्शन लागतेच का?

आता नाही. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली पद्धत अशी: लायपोसोमल अँफोटेरिसिन किलोमागे १० मिलिग्रॅम, एकदाच. सोबत १४ दिवस फ्लुसायटोसिन किलोमागे रोज १०० मिलिग्रॅम आणि फ्लुकोनॅझोल रोज १२०० मिलिग्रॅम. आपल्या रुग्णाला हे १२ व्हायल होतात. रोज किलोमागे ३ मिलिग्रॅमने १४ दिवस दिले तर ५६. फ्लुसायटोसिन ५०० च्या १२ गोळ्या, चार वेळा तीन-तीन. त्याने रक्तपेशी घटतात, म्हणून सीबीसी बघत राहा. त्यानंतर फ्लुकोनॅझोल रोज ८०० मिलिग्रॅम आठ आठवडे, मग रोज २००.

मृत्यू पुष्कळदा मेंदूतला दाब वाढून होतो. पाठीतून पाणी काढताना दाब मोजा. पाण्याच्या २५ सेंटिमीटरच्या वर असेल तर पाणी काढून उतरवा, गरजेप्रमाणे रोज. ‘पाठीतले पाणी काढले की माणूस अधू होतो’ या समजुतीने नातेवाईक नकार देतात. त्यांना शांतपणे बसवून सांगा की इथे तोच उपचार आहे. एआरटी (एचआयव्हीची औषधे) नव्याने सुरू करायची असेल तर ४ ते ६ आठवडे थांबून.

टीबीची औषधे चालू आहेत. सोबत व्होरिकोनॅझोल चालेल का?

रिफाम्पिसिन असेल तर नाही. ते व्होरिकोनॅझोल जवळजवळ संपवून टाकते, डोस वाढवूनही भागत नाही. रिफाम्पिसिन थांबवल्यावरही परिणाम दोनेक आठवडे राहतो. छाती तज्ज्ञांशी बोलून एका बाजूचे औषध बदलावे लागते. हिस्टोप्लाझ्मोसिस हा बुरशीसंसर्ग टीबीसारखाच दिसतो, म्हणून टीबीच्या औषधाने गुण नसेल तर त्याचाही विचार व्हावा.

अझोल इतर औषधांची पातळी वाढवतात. किडनी प्रत्यारोपणाच्या रुग्णात व्होरिकोनॅझोल किंवा पोसाकोनॅझोल सुरू करताना टॅक्रोलिमसचा (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून देतात त्या औषधाचा) डोस एक तृतीयांशावर आणतात आणि पातळी मोजत राहतात. अझोल बंद झाले की टॅक्रोलिमस परत वाढवायला विसरले जाते आणि शरीर किडनी नाकारू लागते. रक्ताच्या कर्करोगातल्या व्हिन्क्रिस्टिनसोबत अझोल दिले तर आतडी थंडावतात, हातापायातले बळ जाते, झटके येतात. ग्लिमेपिराइड घेणाऱ्याला फ्लुकोनॅझोलने शुगर एकदम उतरू शकते.

डोस वाढवला किंवा दोन औषधे एकत्र दिली तर लवकर गुण येईल का?

अस्परजिलसमध्ये लायपोसोमल अँफोटेरिसिन किलोमागे ३ आणि १० मिलिग्रॅम यांची तुलना झाली आहे. १० ने गुण जास्त आला नाही, किडनीचा त्रास मात्र वाढला. दोन औषधांची जोडी क्रिप्टोकॉकसमध्ये सिद्ध आहे. म्युकरमध्ये तिचा फायदा पक्का दाखवला गेलेला नाही. त्या पैशात शस्त्रक्रिया लवकर होत असेल तर ती आधी करावी.

खर्च कसा पेलायचा?

उसनवारी करण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा आजार बसतो का ते विचारा; २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसचा उपचार तिच्यात घेतला होता. आधार, रेशन कार्ड आणि तपासणीचा अहवाल सोबत ठेवा. डॉक्टरांना रोजच्या व्हायल आणि अंदाजे दिवस लिहून मागा, म्हणजे जुळवाजुळव करता येते आणि मध्ये खंड पडत नाही. गिळता येऊ लागले की गोळीवर कधी जाता येईल, हेही विचारा.

घरी सोडल्यावर शेतात जाता येईल का?

प्रतिकारशक्ती सावरेपर्यंत सोयाबीनची मळणी, कडबा रचणे, उकिरडा उपसणे, जुन्या कोठारात झाडलोट ही कामे दुसऱ्याने करावीत. कुजलेल्या काडीकचऱ्यातून आणि धुळीतून बुरशीचे बीज मुठीमुठीने उडते. साधा रुमाल ते अडवत नाही. जायचेच झाले तर एन ९५ मास्क नीट घट्ट बसवून.

गोळ्या किती महिने?

अस्परजिलसमध्ये किमान ६ ते १२ आठवडे, हिस्टोप्लाझ्मोसिसमध्ये इट्राकोनॅझोल साधारण वर्षभर. म्युकरमध्ये ठरावीक आकडा नाही. लक्षणे गेली, सीटी किंवा एमआरआयमध्ये आजार शमलेला दिसला आणि मुळातली कमजोरी दूर झाली, या तिन्ही गोष्टी जुळल्यावर थांबवतात. केमोथेरपीचे पुढचे चक्र बाकी असेल तर ते संपेपर्यंत गोळी चालू ठेवतात. दर महिन्याला लिव्हरच्या तपासण्या करा, आणि पोसाकोनॅझोलवर असाल तर रक्तदाब व पोटॅशियमही, कारण त्याने दाब वाढून पोटॅशियम उतरू शकते.